चाकांची आगबोट आणि माइस्टरची बोलणी

जर्मनीत आयुष्य काढलेला इंजिनिअर म्हटला, की पुण्याच्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे मोटारींचा कारखाना उभा राहतो. लग्नाकार्यात "तुम्ही कुठली गाडी बनवायचात?" असं कोणी विचारलं, की मी "मोठी" एवढंच सांगून मठ्ठ्याकडे वळतो. खरं सांगायचं तर उमेदीची वर्षं मी खेळणी बनवण्यात घालवली. हा शब्द माइस्टर लिंडनरनी ऐकला असता तर हातातली कानस फेकून मारली असती, म्हणून लगेच दुरुस्त करतो: प्रतिकृती. संग्रहालयात काचेच्या पेटीत जहाजं, इंजिनं, पूल मांडलेले असतात ना, ते कोणीतरी कुठेतरी कानशीने घासून केलेले असतात. बघणाऱ्याच्या हे डोक्यातही येत नाही. येऊ नये, हेच त्या धंद्याचं यश.

पन्नासचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी कार्ल्सरूहेला यंत्रशास्त्र शिकायला आलो आणि सुट्टीतलं काम म्हणून एका इमारतीच्या मागच्या अंगणातल्या कार्यशाळेत शिरलो. लिंडनर हे तिथले मालक, कारागीर, झाडूवाले, सगळं तेच. त्यांना सगळे 'माइस्टर' म्हणत, म्हणजे आपल्याकडे 'उस्ताद' म्हणावं तसं. म्युनिकच्या एका मोठ्या संग्रहालयाने त्यांना जुन्या ब्रिटिश नौदलातल्या एका आगबोटीची प्रतिकृती करायला सांगितली होती आणि नकाशे सगळे इंग्लिश. त्यांना फूट-इंचाशी वैर नसलेला माणूस हवा होता. मी म्हणालो, "माझा जन्मच फूट-इंचात झाला." सुट्टी संपली, पण मी काही त्या अंगणातून बाहेर पडलो नाही. माझी पदवी त्या नगरीतल्या कुठल्याशा कपाटात अजून माझी वाट बघत असेल.

ती आगबोट चाकांची. माझे वडील कोकणच्या किनाऱ्यावरच्या आगबोटीत आगवाले होते, बॉयलरमध्ये कोळसा ढकलणारे, पण त्यांची बोट पाण्याखालच्या पंख्यावर चालायची. चाकांची आगबोट आजोबांनी पाहिलेली. तिच्या दोन्ही कुशींना घराएवढं एकेक चाक, वरून अर्धगोल पेटीने झाकलेलं. शिवाय डोलकाठ्या आणि शिडंही होती, कारण वाफेवर कोणाचाच पुरता विश्वास नव्हता. लढाऊ जहाज म्हणून ती म्हणजे गंमतच. जिथे तोफा ठेवायच्या तिथे चाकं. चाकावर एक गोळा बसला की बोट लंगडी. लाटेत कलली की एक चाक बुडायचं आणि दुसरं हवेत गरगर फिरायचं. पुढे पंख्याच्या बोटी आल्या आणि ही जात मागे पडली.

आमच्या बोटीला पक्ष्याचं नाव होतं, पण कार्यशाळेत आम्ही तिला 'म्हातारी' म्हणायचो. तिची कारकीर्द मी माइस्टरांना इंग्लिशमधून वाचून दाखवायचो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांचा पाठलाग, काळ्या समुद्रातल्या लढाईत मोठमोठ्या शिडाच्या युद्धनौका दोरीने ओढून नेणं, मग टपाल, मग सैनिक, मुंबईच्या बंदरात काही काळ मुक्काम, आणि शेवटी यंत्र काढून कोळशाचं तरंगतं गोदाम. "म्हणजे जन्मभर दुसऱ्यांना लढाईत पोचवून आली," माइस्टर म्हणाले. "आणि पदकं त्यांना." त्या दिवसापासून ते तिच्याशी जरा आदराने वागू लागले. माझ्याशी नाही.

माझ्याशी तसं न वागण्याचं कारण धुरांडं. नकाशात एके ठिकाणी पाच फूट सहा इंच लिहिलेलं होतं. भारतात नुकतेच नवे पैसे आले होते आणि दशमानाचा वारा माझ्याही अंगात शिरला होता. मी ते पाच पूर्णांक सहा दशांश धरलं. असंच सगळीकडे धरत गेलो. धुरांडं उभं केलं तेव्हा त्याची वरची कडा एकीकडे, बुडाची पट्टी दुसरीकडे आणि आधाराच्या तारा तिसरीकडेच.

माइस्टर रागावले की आवाज चढवत नसत, तो आधीच चढलेला असायचा. तरुणपणी ड्रेस्डेनला एल्ब नदीवरच्या चाकांच्या आगबोटीत काम केलेला माणूस. इंजिनखोलीत बोलायची सवय. त्यांची बोली तिकडची, सॅक्सनीची, सगळे टणक शब्द लोण्यात बुडवून काढल्यासारखी. कार्ल्सरूहेचे लोक त्या बोलीला हसत. मी जर्मन शिकलो ती त्यांच्याकडूनच, तेव्हा रत्नागिरीच्या माणसाच्या तोंडून ती ऐकल्यावर पाववालीसुद्धा काउंटरला टेकून हसायची.

"हेर राणे," माइस्टर म्हणाले (हेर म्हणजे श्रीयुत, रागातसुद्धा), "तुमच्या डोक्यात वाफ भरपूर आहे. झडप कुठे आहे?"

ही पहिली बोलणी. पुढे मी ती जमवत गेलो, काही लोक पोस्टाची तिकिटं जमवतात तशी.

आता मुख्य गोष्ट. संग्रहालयाला काचेच्या पेटीत बोट हवी होती. बटण दाबलं की लपवलेल्या विजेच्या मोटरवर चाकं फिरावीत, बस. पण माइस्टरांनी आत खरं इंजिन घातलं होतं, स्पिरिटच्या दिव्यावरचा बॉयलर, खरी वाफ, खरा दट्ट्या. डेक उचलला की सगळं बाहेर निघायचं आणि मोटर आत बसायची. हे कोणी सांगितलेलं नव्हतं. हे अल्बर्टसाठी होतं.

अल्बर्ट म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. दोघं एकाच बोटीवर होते. अल्बर्ट इंजिनवर आणि हे त्याच्या हाताखाली. युद्धानंतर ड्रेस्डेन पूर्व जर्मनीत गेलं, हे पश्चिमेला निघून आले, अल्बर्ट म्हणाला, बोट सोडून कसा येऊ. निघताना त्याने यांना ऐकवलं होतं, "जा एर्न्स्ट, तिकडे इंजिनाचा आवाजसुद्धा ऐकायला मिळणार नाही तुला." तेव्हापासून दोघं भेटले नव्हते. आता अल्बर्ट शरद ऋतूत निवृत्त होणार होता आणि निवृत्त माणसाला पूर्वेकडचे लोक प्रवासाची परवानगी सहज देत, कारण तो परत आला नाही तरी त्यांना चालत असे. माइस्टरांचा बेत साधा होता. अल्बर्ट यावा, तळ्याच्या काठी उभा राहावा, बोट वाफेवर जावी आणि त्याने तो आवाज ऐकावा. मग डेक उचलायचा, मोटर घालायची आणि म्हातारी काचेआड. एकदा तिकडे गेली की तिथे आग पेटवायला कोण देणार?

तेव्हा बोट शरदापर्यंत हातात राहायला हवी होती.

चाकं माझ्याकडे होती. साधं चाक असलं तर फळी पाण्यात शिरताना थप्पड मारते आणि निघताना पाणी उचलून फेकते. म्हणून चांगल्या बोटीत फळ्या बिजागरीवर असतात आणि जरा पुढे सरकवलेल्या एका कड्याला दांड्यांनी जोडलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक फळी पाण्यात उभी शिरते आणि उभीच निघते. हातात वल्हं असलेला कोळी मनगट वळवतो ना, तसं. मी पहिलं चाक केलं ते इतकं छान, की त्याच्या प्रेमात पडून दुसरं हुबेहूब तसंच केलं. डावं आणि उजवं ही आरशातली जोडी असते, चपलांसारखी. मी दोन डाव्या चपला केल्या होत्या.

हे कळलं तळ्यावर. रविवारची सकाळ, बागेत लोक, मधोमध बदकांचं बेट. माइस्टरांनी वाफ सोडली आणि म्हातारी निघाली. डावं चाक रेशमासारखं चाललं, उजवं पाण्याला थपडा मारत राहिलं. बोट उजवीकडे वळली, आणखी वळली आणि त्या बेटाला प्रदक्षिणा घालू लागली. चांगली देवळातल्यासारखी, बेट उजव्या हाताला ठेवून. बदकं एकेक करून उतरली आणि तिच्या मागे निघाली.

एका बाईंनी विचारलं, "हे मुद्दाम आहे का?"

"हो," माइस्टर म्हणाले, "हा भारतीय प्रकार."

स्पिरिट संपेपर्यंत आम्ही काठावर उभे होतो. मी कान टवकारून बोलण्यांची वाट बघत होतो. पण ते डोळे मिटून ऐकत होते. थपडा मारणारं चाक सोडून दुसऱ्या चाकाचा आवाज, तो बहुधा एल्बवरच्यासारखा असावा. मलाही काही आठवत होतं. वडिलांची बोट खाडीच्या तोंडाशी थांबली, की आम्ही पोरं काठावरून तिचं इंजिन ऐकायचो. वडील आत असायचे, बाहेर कधी दिसायचे नाहीत. तो आवाज म्हणजेच वडील, असं माझं लहानपणी ठाम मत होतं.

परत येताना ट्राममध्ये बोट दोघांच्या मांडीवर आडवी. माइस्टर म्हणाले, "हेर राणे, तुमचे दोन्ही हात डावेच आहेत, हे तुमच्या आईने कधी सांगितलं नाही?"

संग्रहालयाचे हेर डॉक्टर फिंक मधूनमधून चौकशीला येत. सडपातळ, नीटनेटके, हातमोजे काढून ते एकावर एक ठेवणारे. वसंतात आले तेव्हा चाक दुरुस्त व्हायचं होतं. माइस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "दोन डावी चाकं केली यांनी." फिंक यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि मुदत वाढवून दिली. त्याआधी धुरांड्याने मुदत वाढवली होती. मधे वार्निशने वाढवली, कारण ते ओलं असताना मी त्यावर कोपर टेकून खिडकीबाहेर बघत बसलो होतो. फिंक गेल्यावर माइस्टर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. हा माणूस आपल्या किती उपयोगाचा आहे, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं असावं.

उन्हाळा लागला तसं चाक झालं, डोलकाठ्या झाल्या, आणि बोट पुरी व्हायला आली. एके दिवशी त्यांनी मला बाकड्याजवळ बोलावलं आणि पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

"आल्झो, तर मग ऐक. तुला एक चूक करायची आहे."

"कसली?"

"ते मी कसं सांगू? मला चुका येत नाहीत. तू जाणकार आहेस. कठडा घे हवं तर. असा बिघडव की परत करावा लागेल. पण मुद्दाम केलाय असं दिसता कामा नये, मला लाज वाटेल."

मी कठड्याला बसलो. केसाएवढे बारीक पितळी खांब, प्रत्येकाला दोन भोकं, भोकांतून तार. मनाशी ठरवलं, अंतर चुकवायचं. पण चुकवायचं म्हणजे आधी बरोबर अंतर मोजायला लागतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी मोजून काम करत होतो. कठडा झाला. माइस्टरांनी भिंग लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितला. मग भिंग खाली ठेवलं.

"हा मी केला असता तर असाच केला असता," ते खिन्नपणे म्हणाले. "मेंश, अरे माणसा, तुझा काही भरवसा नाही."

त्यानंतर मी होड्या बिघडवायला घेतल्या, त्याही सुंदर झाल्या. नांगर तर असा जमला की माइस्टर कपाळाला हात लावून बसले.

आणि मग जुलैत फिंक आले. माइस्टर नेमके बाहेर गेले होते. मला पक्कं बजावलेलं, की कोणी आलं तर सांगायचं, पुष्कळ काम बाकी आहे. फिंक यांनी हातमोजे काढले, एकावर एक ठेवले आणि विचारलं, "काय, कुठवर आलंय?"

आता आपल्याकडे गिऱ्हाईक दारात उभं राहून असं विचारतं तेव्हा कुठलाही कारागीर काय सांगतो? शिंप्याने कापड अजून कापलेलंही नसतं, पण तो म्हणतो, "झालंच समजा." सुतार म्हणतो, "झालंच." सोनार म्हणतो, "झालंच, उद्या या." गिऱ्हाइकालाही माहीत असतं की काही झालेलं नाही, ते समाधानाने घरी जातं. ती एक प्रेमळ रीत आहे, तिचा कामाशी काही संबंध नसतो. माझ्या तोंडून अगदी सहज, सॅक्सन बोलीत निघून गेलं, "झालंच समजा, हेर डॉक्टर."

जर्मन माणूस समजतो. त्याने समजून घेतलं, डायरी काढली आणि ऑगस्टच्या मध्यावर ट्रक पाठवण्याचं ठरवून टाकलं. जाताना माझ्याशी हस्तांदोलन केलं, पहिल्यांदाच.

माइस्टर आले, त्यांनी ऐकलं. मी म्हटलं, आता चांगली बोलणी ऐकून घ्यावी लागणार. पण ते खुर्चीत बसले आणि इतकंच म्हणाले, "इतके दिवस मागितली तर एक चूक देता आली नाही तुला. आणि आज फुकट दिलीस."

त्यांनी फिंकना फोन केला, रंगाचं कारण सांगितलं, वाळण्याचं सांगितलं. फिंक म्हणाले, वाळणं पेटीतही होईल. अल्बर्टला लवकर निघता येईल का, असंही कळवून झालं. शरदाच्या आत नाही, असं उत्तर आलं.

मग ऑगस्टमधला तो रविवार. कार्यशाळेच्या रेडिओवर बर्लिनच्या बातम्या लागल्या होत्या. काटेरी तारा, बंद स्टेशनं, सैनिक, पूर्वेकडून येण्याची वाट बंद. माइस्टर उभ्याउभ्याच ऐकत होते. मी चहा केला, तो तसाच राहिला. बातम्या संपल्यावर ते म्हणाले, "तुझी जीभ नसती तरी काही फरक पडला नसता. शरदातसुद्धा तो येणार नव्हता." मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की काय, कोण जाणे. मला त्यापेक्षा बोलणी परवडली असती.

त्याच आठवड्यात ट्रक आला. आम्ही डेक उचलला, इंजिन आणि बॉयलर बाहेर काढला, मोटर घातली. म्हातारी म्युनिकला गेली. इंजिन माइस्टरांनी कापडात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि दुसरं काम घेतलं, एका धरणाच्या दरवाज्यांचं.

पुढच्या वर्षी मी एका मुंबईकर व्यापाऱ्याचा दुभाषा म्हणून पूर्व जर्मनीतल्या लाइपत्सिगच्या व्यापारी जत्रेला गेलो. जर्मनांना जी भिंत होती ती माझ्या भारतीय पासपोर्टला एक शिक्का होती. तिथे अर्ज-विनंत्या करून ड्रेस्डेनचीही परवानगी मिळवली. चित्रं बघायची आहेत, असं सांगितलं.

अल्बर्ट निवृत्त होऊनही धक्क्यावरच होता. माणसं कमी पडत होती म्हणून बोटवाल्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं. माइस्टरांसारखाच, फक्त त्यांना जरा दाबून रुंद केल्यासारखा. मी कोण ते सांगितलं. त्याने मला इंजिनखोलीत उतरवलं आणि बोट सुटली. तिथे पितळ चकचकत होतं, मोठाले दांडे सावकाश आत-बाहेर करत होते आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपलीकडे चाकं पाणी तोडत होती. वडील जिथे दिसेनासे व्हायचे, तिथे मी पहिल्यांदाच उभा होतो.

मी त्याला आमच्या इंजिनाबद्दल सांगू लागलो. वाफ कशी धरते, तळ्यावर आवाज कसा येतो. त्याने मधेच हात वर केला.

"तू आमच्यासारखा बोलतोस."

"त्यांनीच शिकवलं."

"अजून ओरडतो का तो?"

"सारखा."

"कसा ओरडतो?" तो दाबमापकाकडे तोंड करून म्हणाला. "दाखव ना."

मग मी सुरू केलं. डोक्यातल्या वाफेपासून. दोन डावे हात. वार्निशवरच्या कोपराची एक होती ती. सुरुवातीला जपून, पण त्या खोलीत हळू बोललेलं ऐकूच येत नाही, तेव्हा आवाज चढवला, अगदी माइस्टरांच्या पट्टीत. अल्बर्ट पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते, हसून की कशाने, ते बघायला मी पुढे गेलो नाही. संपलं असं वाटलं की तो म्हणायचा, "आणखी." माझ्या चुका इतक्या होत्या म्हणून बरं, पुढच्या गावापर्यंत पुरल्या.

उतरताना तो म्हणाला, "आता माझं त्याला सांग." आणि एका दमात सांगून टाकलं. मी ते वाटेत तोंडाने घोकत आलो. पुढे काही वर्षांनी पूर्वेकडच्या म्हाताऱ्यांना इकडे सोडायला लागले, पण तोवर अल्बर्ट प्रवासाजोगा राहिला नव्हता.

आता मी म्युनिकच्या बाजूला, उंटरश्लाइसहाइमला मुलाकडे असतो. नात माझं मराठी समजून घेते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. शाळेत माझ्या बोलीची नक्कल करते म्हणे. मला कोणी रागावत नाही. कप फोडला तरी सून "असू द्या हो बाबा" म्हणते. कधी एकटाच संग्रहालयात जाऊन बटण दाबतो. चाकं फिरतात, दोन्ही बरोबर, काचेआड, बिनआवाजाची. कठड्याकडे बघितलं की मात्र अजून वाईट वाटतं. एवढासा बिघडायला हवा होता.

ड्रेस्डेनहून परतलो तेव्हा माइस्टर धरणाचा दरवाजा घासत होते. वर न बघता म्हणाले, "चित्रं बघितलीस?"

"त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय."

कानस थांबली. मी घोकलेलं बोलून दाखवलं. "एर्न्स्ट, गाढवा, फिरत्या शाफ्टजवळ मफलर गळ्यात घालून उभा राहू नकोस, शंभरदा सांगितलं, एक दिवस मुंडकं जाईल आणि आईला तोंड मला दाखवावं लागेल."

माइस्टरांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले, "असं नाही. तो इंजिनखोलीतून बोलतो. नीट म्हण."

मी श्वास घेतला आणि पूर्ण आवाजात म्हणालो. अंगणापलीकडे कोणाची तरी खिडकी उघडली.

माइस्टरांनी कोटाची कॉलर दोन्ही हातांनी बाजूला केली, मान उघडी करून दाखवली.

"नाही घातलेला," ते म्हणाले. "बघ."